झोळीतलं वजन

आमच्या भागात काट्याची अब्रू कधीच चांगली नव्हती. पालघर-डहाणू पट्ट्यात काटा म्हटलं की जुन्या माणसांना आठवायचा तो गवताच्या वखारीतला. पावसाळा सरला की माळावरचं गवत कापायचं, भारे वखारीत आणून टाकायचे, तिथे ते तोलले जायचे आणि पुढे मुंबईच्या गुराढोरांसाठी रवाना व्हायचे. तोलणारा वखारीचा माणूस, आकडा वाचणाराही तोच. कापणाऱ्याने फक्त ऐकून घ्यायचं. गोदावरी परुळेकरांनी वारली आदिवासींना उभं केलं त्या 1945 ते 47 च्या लढ्यातली एक मोठी मागणी वजनाच्याच भाषेत होती: 500 पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. किती पौंड कापले हे ज्याच्या काट्यावर ठरायचं त्याच्याकडूनच ते वसूल करायचे होते, म्हणजे लढा किती अवघड असेल बघा.

म्हणून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मी कुंभवलीत अंगणवाडी सेविका म्हणून लागले आणि पाड्यावरच्या एका घरात वाशाला बाळं तोलायचा साल्टर काटा टांगला, तेव्हा तिथल्या म्हातारीने जे विचारलं त्यात वेडेपणा काहीच नव्हता. ती म्हणाली, "बाई, पोर विकायचंय का तुला?" तोलतात ते विकायला, एवढा साधा हिशेब. शिवाय तान्ह्याला तोललं की नजर लागते. माझ्या माहेरी वाडवळांतही बाळाला कुणी "जड झालाय" म्हटलं की आई लगेच मीठ-मोहऱ्या घेऊन बसायची. मी त्या म्हातारीशी वाद घातला नाही. नातवाला आधी काळी तीट लावू दिली आणि मग काट्याच्या झोळीत घातला.

मूल वाढतंय की नाही हे कळायची साधनं घरोघरी होतीच. सगळ्यात भरवशाचं म्हणजे कमरेचा काळा करदोटा. बारशाच्या सुमारास बांधलेला करदोटा दोन-अडीच महिन्यांत रुतायला लागायचा. मग आजी गाठ सोडून तो सैल करायची आणि हे शेजारणीला मुद्दाम सांगायची, कारण बाळाने बाळसं धरल्याची ती जाहीर खूण होती. मनगट्या चढेनाशा होणं, वाळे काढताना तेल लावावं लागणं, हीही मापंच. सुईण तर बाळाची मांडी चिमटीत धरून सांगायची, अंगावरचं दूध पुरतंय की नाही. शहरातली डॉक्टर मंडळी याला हसतात, मी हसत नाही. बाळाचं जन्माचं वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट व्हावं लागतं. पहिल्या सहा महिन्यांतली ही दौड करदोट्यावर बरोबर उमटते.

करदोटा फसतो तो पुढे. उष्टावण झालेलं असतं, पण उष्टावणानंतर बाळाच्या पोटात जाते ती पातळ पेज. आई लावणीला गेलेली, बाळ मोठ्या बहिणीच्या काखेत. सातव्या महिन्यापासून वजन वाढायचं थांबतं. कमी होत नाही, नुसतं थांबतं. करदोटा रुतत नाही आणि घसरतही नाही, त्यामुळे घरात कुणाला काही वावगं वाटत नाही. मूल हसतं, रांगतं. चार महिने असे गेले की एक हगवण किंवा एक गोवर पुरतो. मग करदोटा घसरतो, पण तेव्हा भगताकडे जायचं की दवाखान्यात एवढाच प्रश्न उरलेला असतो. थांबलेली वाढ डोळ्याला दिसत नाही. ती दिसायला दर महिन्याचा आकडा लागतो, आणि मागच्या महिन्याचा आकडा त्याच्या शेजारी लागतो.

फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या एका सरदाराने 1759 पासून 1777 पर्यंत आपल्या मुलाची उंची नेमाने मोजून ठेवली होती. वाढीची ही सगळ्यात जुनी नोंद म्हणतात. हौस होती ती, मुलगा काही उपाशी नव्हता. गरिबाच्या मुलासाठी हा उद्योग केला डेव्हिड मोर्ली या इंग्रज डॉक्टरने, 1950 च्या दशकात, नायजेरियातल्या इमेसी नावाच्या खेड्यात. त्याने वजनाचा तक्ता काढला तो आईच्या हातात राहावा म्हणून. दवाखान्याच्या कपाटात तो ठेवायचाच नव्हता. आडव्या रेघेवर महिने, उभ्या रेघेवर किलो, आणि मधे वर चढत जाणारा पट्टा. त्याचं नाव 'आरोग्याचा रस्ता'. मूल त्या पट्ट्यात नेमकं कुठे आहे यापेक्षा रेघ कुठल्या दिशेने चालली आहे ते बघा, हे मोर्लीचं सांगणं होतं. वर चालली तर छान. आडवी झाली तर आजच आईशी बोला. करदोटा जिथे मुका होतो, नेमकी तिथे ही रेघ बोलते.

ही रेघ आमच्या जिल्ह्यात फार उशिरा आली असं समजू नका. तेव्हा जिल्हा ठाणे होता. पालघर वेगळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला. रेघेच्या आधी इथे अंगणवाडी आली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि पुढे 1957 च्या सुमारास ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, हा अंगणवाडीचा विचार या दोघींचा. तिथे दिवस सुरू व्हायचा तो मुलांना आंघोळ घालण्याने, नखं कापण्याने, केस विंचरण्याने. आम्हा सेविकांच्या प्रशिक्षणात अनुताईंचं नाव आलं की मी मान ताठ करून बसायची, आमच्याच बाजूच्या ना त्या.

कोसबाडइतकं कुणी कासाचं नाव घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. कासा डहाणू तालुक्यातच, आता हायवेवरून जाताना चहाला थांबतात ते. तिथे 1970 च्या दशकात डॉ. पी. एम. शहा यांनी माता-बाल आरोग्य आणि पोषणाचा प्रकल्प चालवला. गावातल्याच बायकांना अर्धवेळ काम दिलं, त्या घरोघर जाऊन लहान मुलांची वजनं घ्यायच्या, धोक्यातली मुलं हेरायच्या आणि औषधपाणी, खाणंपिणं शक्यतो घरीच करायला शिकवायच्या. फार न शिकलेली बाई काटा वाचू शकते आणि तक्त्यावर ठिपका देऊ शकते, हे कासाने दाखवून दिलं. देशभर पुढे अंगणवाडीच्या बाईकडून जे काम करून घेतलं गेलं ते आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी आधी करून बघितलेलं होतं.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला सुरुवातीला दोन प्रकल्प आले, मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी. तेव्हा सेविकेला महिना 100 रुपये, मॅट्रिक झालेली असेल तर 150. पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं; ते आजही तसंच म्हणतात.

आता त्या कागदी तक्त्याबद्दल जरा निवांत सांगते, कारण आज तो ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना वाटतं ठिपका द्यायला काय लागतं. आधी लागतो जन्ममहिना. कुंभवलीच्या पाड्यावर जन्मदाखला असलेली मुलं तेव्हा मोजकी. आई सांगायची, "होळीच्या अगोदर," किंवा "भात झोडायला घेतलं तेव्हा," किंवा "ते नाही का, समोरच्या कंपनीत आग लागली, त्याच रात्री." मग मी पंचांग काढायची, शेजारणीचं मूल कधीचं ते विचारायची, दोन बायकांचं जमेना तर तिसरीला बोलवायची. दीड महिन्याचा फरक पडला तरी मूल कुपोषणाच्या एका श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत जायचं. महिना ठरला की तक्त्याच्या तळाच्या पहिल्या चौकोनात तो लिहायचा आणि पुढचे महिने ओळीने भरायचे. नंतर काटा. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा. बाळाचे कपडे काढायचे. रडणारं मूल झोळीत पाय झाडतं आणि काटा पाऊण किलो इकडे-तिकडे नाचतो. ते दमून एक क्षण गप्प होतं, तेवढ्यात वाचायचं, शंभर ग्रॅमपर्यंत. मग त्या महिन्याच्या घरात वजनाच्या रेघेवर ठिपका, आणि मागच्या ठिपक्याशी जोड.

काटा टांगताना मी एक गोष्ट कटाक्षाने पाळली. तबकडीचं तोंड आईकडे. मी बाजूला वाकून वाचायची. आईला अंक येवोत न येवोत, काटा मागच्या वेळेपेक्षा पुढे थांबला की नाही हे तिला दिसायचं. वखारीतला काटा तिने पाहिलेला असायचा. हा तिचा काटा आहे हे सांगायला भाषण लागत नव्हतं, तोंड फिरवलं की झालं. पोर विकायचंय का असं विचारणारी तीच म्हातारी पुढे सुनेला दटावायची, "काटा तिथंच अडकलाय, काय देतेस पोराला?"

तेव्हाच्या तक्त्यात चार श्रेणी होत्या. इंडियन अकॅडमी ऑफ पिडिॲट्रिक्सने 1972 मध्ये ठरवलेल्या. अपेक्षित वजनाच्या 80 टक्क्यांवर मूल साधारण, त्याखाली दर दहा टक्क्यांना एक पायरी, 50 टक्के किंवा त्याहून कमी म्हणजे चौथी श्रेणी. गंमत अशी की ते अपेक्षित वजन अमेरिकेतल्या बॉस्टनच्या मुलांवरून काढलेलं होतं. बॉस्टनचं पोर आमच्या पोराचं मोजमाप! पण खरी अडचण बॉस्टनची नव्हतीच. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, मंत्री आले, पत्रकार आले, आणि त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या मुलांचा आकडा ही एकदम राजकारणाची चीज झाली. आकडा खरा द्यावा तर "तुमच्याकडेच एवढी कशी?" म्हणून झापायचे. कमी द्यावा तर आहार कमी यायचा. वजन न घेताच मागच्या महिन्याच्या आकड्यात दोनशे ग्रॅम मिळवून रजिस्टर भरणाऱ्याही होत्या. त्यांची रेघ सगळ्यात सुंदर, फूटपट्टीने ओढल्यासारखी. खऱ्या मुलाची रेघ कधी इतकी सरळ नसते. दात येताना अडखळते, तापात खाली येते.

आणखी एक बोलायला हवं. वजन घेतल्याने वजन वाढत नाही. युनिसेफने 1982 पासून जगभर ज्या चार गोष्टींचा आग्रह धरला त्यात वाढीवर लक्ष ठेवणं पहिलं होतं. जुलाबावर साखर-मिठाचं पाणी, स्तनपान आणि लसीकरण या पुढच्या तीन. साखर-मिठाच्या पाण्याने जुलाबातलं मूल वाचतं, लसीने गोवर टळतो. ठिपक्याने मात्र काहीच होत नाही, ठिपक्यानंतर बाईने आईशी काय बोलायचं ते बोललं तरच होतं. पेज घट्ट कर, वर चमचाभर तेल सोड, सुका जवळा भाजून कुटून भातात घाल, कामावर जाताना बाळाचं वाटीभर वेगळं काढून ठेव. आमच्याकडे समुद्र जवळ, जवळा स्वस्त. हे बोलणं पाच मिनिटांचं, पण समोर रेघ असल्याशिवाय ते सासूला पटत नाही.

2006 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवे तक्ते काढले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत, नीट खाऊनपिऊन आणि आईच्या दुधावर वाढलेल्या मुलांवरून. भारतातली मुलं दिल्लीची होती. मूल कुठल्याही देशातलं असो, नीट पोसलं तर पहिल्या पाच वर्षांत साधारण सारखंच वाढतं, असं त्यातून निघालं. बॉस्टनचं ओझं उतरलं. 2008 पासून आपल्याकडे ते लागू झाले. मुलग्यांचा तक्ता वेगळा, मुलींचा वेगळा. चार श्रेणी जाऊन साधारण, मध्यम कमी वजन, तीव्र कमी वजन असे हिरवा, पिवळा, केशरी पट्टे आले. वर्षाच्या मुलीचं वजन 7 किलोच्या खाली गेलं की कमी, 6 किलो 300 ग्रॅमच्या खाली गेलं की तीव्र कमी. आणि तोच तक्ता माता-बाल संरक्षण कार्डावर छापून आईच्या घरी गेला. मोर्लीला हवं होतं तसं.

तोवर कुंभवलीच बदलली होती. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 चं, त्यामागून एमआयडीसी. भातशेतीत चाळी उभ्या राहिल्या, चाळीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची माणसं. पाड्यावरचं पोर पिढ्यान् पिढ्या तिथेच सापडायचं, चाळीतलं पोर छटपूजेला गेलं की होळीनंतर येणार, किंवा येणारही नाही, बापाची कंपनी बदलली की खोली बदलली. माझ्या रजिस्टरात चाळीतल्या मुलांच्या रेघा अर्ध्यावर तुटलेल्या आहेत. इकडे वीटभट्टीच्या हंगामात जव्हार-मोखाड्याची कुटुंबं बाहेर पडतात, त्यांचंही हेच. कागदी तक्त्याचा सगळ्यात मोठा दोष हा होता: मूल हललं की रेघ मागे राहायची.

म्हणून 2018 मध्ये पोषण अभियान आलं आणि पुढच्या वर्षी आमच्या हातात स्मार्टफोन पडला, तेव्हा मी मनापासून खूश झाले. अकरा रजिस्टरांचा भार जाणार होता. जन्मतारीख, वजन, उंची घाला. वय फोनच मोजणार, तीनही निकष फोनच काढणार: वयाला वजन, वयाला उंची, उंचीला वजन. शेवटचा हिशेब कागदावर करताना डोळे फिरायचे. झोळीच्या काट्याच्या जोडीला इन्फंटोमीटरही आला, दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं निजवून लांबी घ्यायची फळी. मूल दुसरीकडे गेलं तर नोंद त्याच्या मागे जाईल, अशीही सोय पुढे अ‍ॅपमध्ये झाली. चाळीच्या अंगणवाडीला याची किंमत कळते.

मग 1 मार्च 2021 ला जुनं सॉफ्टवेअर जाऊन पोषण ट्रॅकर आला, आणि तो इंग्रजीत. सातवी-दहावी शिकलेल्या, वीस-वीस वर्षं मराठीत नोंदी ठेवणाऱ्या बायकांनी इंग्रजीत नावं भरायची. फोनही तापायचे, भरायचे, बंद पडायचे, दुरुस्तीचा खर्च आमच्याच अंगावर. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन कार्यालयांत नेऊन परत केले. "बायकांना मोबाईल वापरता येत नाही" असं तेव्हा काहींनी म्हटलं. त्याच बायका घरी व्हिडिओ कॉलवर नातवंडांशी बोलत होत्या. मोबाईल येत होता, आमची भाषा मोबाईलला येत नव्हती. पुढे मराठी आली, भांडल्यावर.

भांडणात एक गोष्ट बोलायची राहून गेली. फोनचं तोंड कुणाकडे? माझ्याकडे. आई समोर मूल घेऊन उभी, मी मान खाली घालून आकडे टाकतेय, नेट गोल गोल फिरतंय. आकडा गेला की हिरवं किंवा लाल येतं, मी म्हणते "झालं," आणि ती निघते. कार्डावरचा तक्ता भरायचा वेळ आणि जोर कुणाकडेच राहिलेला नाही, कारण वरून विचारणा होते ती फोनमध्ये किती टक्के भरलं याची. दिल्लीत बसलेल्या माणसाला कुंभवलीच्या बाळाचं वजन त्याच दिवशी दिसतं. बाळाच्या आईला ते विचारावं लागतं. आणि 1 जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची झाली आहे. म्हणजे आता फोन आईकडे वळतो खरा, पण तो कॅमेरा.

याच्या अगदी उलट माझ्या घरात चाललंय. सून बोईसरला एका औषध कंपनीच्या ऑफिसात आहे. तिच्या फोनमध्ये नातीचं अ‍ॅप: वजन, लांबी, डोक्याचा घेर, किती वाजता दूध, किती वेळा शू. सुबक रंगीत रेघ, आईच्याच हातात. सासू म्हणून नव्हे, सेविका म्हणून मला ते आवडलं. पण नववा महिना लागला आणि एका संध्याकाळी सून डोळे पुसत आली. "आई, पंधरा पर्सेंटाइल आलंय हिला." दहावीपासून टक्केवारीवर वाढलेली मुलगी, तिला पंधरा म्हणजे नापास वाटलं. नातीचं वजन 7 किलो 300 ग्रॅम. मी तिला समजावलं, की शंभर धडधाकट मुली वजनाने ओळीत उभ्या केल्या तर आपली पंधराव्या जागी, बाकीच्या पुढे आहेत म्हणून ही आजारी नाही. मागचे महिने काढ म्हटलं. सहाव्यालाही ती पंधराच्याच आसपास होती, आठव्यालाही. रेघ तिच्या वाटेने वर चाललेली. अ‍ॅपने हे दाखवलं होतं, सांगितलं नव्हतं. त्याऐवजी खाली कसल्याशा पावडरीची जाहिरात होती. ती मात्र शुद्ध मराठीत.

त्याच आठवड्यात मागच्या चाळीतली एक बिहारी मुलगी लेकाला घेऊन आली. मी निवृत्त झाले तरी बायका येतात. तिच्या मुलाची नोंद पोषण ट्रॅकरमध्ये व्यवस्थित आहे, दर महिन्याची. मी विचारलं, मागच्या महिन्यात वजन किती होतं गं? तिला ठाऊक नव्हतं. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं, लसींच्या तारखा भरलेल्या, तक्ता कोरा. नव्या सेविकेकडे गेलो, तिने फोनमधून तीन महिन्यांचे आकडे वाचून दाखवले आणि आम्ही ठिपके दिले: 7 किलो 800, 7 किलो 900, 7 किलो 900. मूल अकरा महिन्यांचं. हिरव्यातच, म्हणून फोनने काही हाक दिली नव्हती. कागदावर मात्र रेघ आडवी पडलेली त्या मुलीला स्वतःलाच दिसली. "ये तो रुक गया," ती म्हणाली, आणि मग आम्ही खिचडीत तेल किती, अंडं कधीपासून, कामावर जाताना मूल कुणाकडे, यावर बोलत बसलो. नवी सेविका चांगली आहे, पण तिच्याकडे दीडशेच्या वर नावं आणि त्यात नेट जातं. फोन भरून झाल्यावर कार्डावर एक ठिपका द्यायला अर्धं मिनिट लागतं, हे मी तिला घड्याळ लावून दाखवलंय. वरून तसा आदेश नाही म्हणाली. पेनांचं एक पाकीट मी तिच्या टेबलावर ठेवून आले आहे.